कावळसुळक्याचा नारळ

कावळसुळका मी वयाच्या नवव्या वर्षी एका दमात चढलो होतो! ही गोष्ट न्हावा शेव्याच्या गोदीत मी तीस वर्षं सांगत आलो. ट्रेलरचे ड्रायव्हर, क्लार्क, चहावाला, एकही सुटलेला नाही. हल्लीचे ट्रेकर बघून तर मला हसू येतं. दोर काय, हेल्मेट काय! आम्ही अनवाणी चढायचो. माथ्यावरून श्रीवर्धनचा समुद्र दिसायचा, अलीकडे सुपारीच्या वाड्यांची हिरवी कड, पलीकडे इवली इवली शिडं. ते चित्र उशाशी घेऊन मी तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत झोपलोय.

माथ्यावर आमचा डोंगरदेव. माघी पौर्णिमेला त्याला गावाचा नारळ जातो आणि तो न्यायचा मान आमच्या घराचा. नियम दोन. गावातल्या देवळातून उचललेला नारळ माथ्यापर्यंत जमिनीला टेकवायचा नाही आणि दुसऱ्या घरातल्याच्या हातात द्यायचा नाही. बाईमाणसानं तर शिवायचंसुद्धा नाही. बाप गेला, मी नोकरीत अडकलो, तेव्हापासून माझ्या वतीनं चुलतभाऊ हिरामण नारळ नेत होता.

यंदा गावकीच्या बाबाजी पाटलांचा फोन आला. "येसाजी, मानकरी तू आन पायपीट हिरामणची? यंदा सोता चढ. न्हायतर मान दुसऱ्या घरात जाईल."

माझं डोकंच फिरलं! बापाचा मान म्हणजे काय नळावरचा नंबर आहे?

"तुम्हाला आपल्या बिल्डिंगचा दुसरा मजला चढवत नाही," बायको कोकिळा म्हणाली.

"तो सिमेंटचा आहे! डोंगराची गोष्ट वेगळी!"

वेगळीच होती. पौर्णिमेला पाठीवरच्या पिशवीत नारळ घालून मी निघालो, मागून हिरामण. पहिल्या टप्प्यावर माझा श्वास जुन्या एसटीसारखा वाजू लागला. दुसऱ्यावर गुडघे बोलू लागले. तिसऱ्यावर आली ती घळ. दोन कातळांमधली उभी फट. लहानपणी हिच्यातून मी सरड्यासारखा गेलो होतो! हात वर टाकले, पाय रेटले, पोट आत ओढलं आणि बाटलीत बूच बसावं तसा बसलो. वर जाईना, खाली येईना! पुढून कातळ, मागून नारळ.

"हिरामण, ओढ!"

"कुठं धरून ओढू? सगळीकडं तूच हायस!"

अर्धा तास गेला. पिशवीचा एक बंद कुरकुरून तुटला. नारळ लोंबकळू लागला. आता पडला तर बापाचा मान गेला! मी ओरडलो, "हिरामण, नारळ धर! तू वर ने! मान घरात तरी राहील!"

हिरामण नारळ धरायचं सोडून दोन पावलं मागं सरला. "मला न्हाय जमायचं."

"तीस वर्षं नेलास ना?"

"हितवर, येसू. ह्या घळीपातूर. फुडं मी कंदी गेलोच न्हाय. मला चक्कर येते."

"मग वर कोण गेलं?"

"आता कशाला बोंबलताय रं दोघं?" वरून आवाज आला. डोक्यावर लाकडाची मोळी, आमच्याच घरातली पंचाहत्तरीची ठमाकाकी! घळीला वळसा घालून येणाऱ्या पायवाटेनं ती निवांत उतरत होती. तिनं मोळी ठेवली, लोंबता नारळ काढून ओटीत घेतला आणि माझा पाय धरून असा हिसडा दिला की मी सुटलो. पँटचा मागचा भाग डोंगरदेवाला राहिला.

"काकी, तू नारळ नेतेस?"

"मंग? तुजा बापूस पन हितंच बसून विड्या फुकायचा."

"खोटं! मी बापाबरोबर माथ्यावर गेलोय! नऊ वर्षांचा होतो!"

"माज्या खांद्यावर बसून गेलास, मेल्या! वाटभर केस वढत व्हतास."

मी तिच्या मागून त्या पायवाटेनं चढलो. माथ्यावर तिनं नारळ ठेवला, हात जोडले. मी समुद्राकडे बघितलं. मधे येऊन गेलेल्या वादळानं वाड्यांची हिरवी कड जागोजाग खाल्ली होती, पण समुद्र तोच होता. आणि इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदा आठवलं, हे सगळं बघताना माझ्या मुठीत कोणाचे तरी तेल लावलेले केस होते.

संध्याकाळी गावकीत फाटक्या पँटवर टॉवेल गुंडाळून मी उभा राहिलो. "ऐका! आमच्या घरचा पुरुष कित्येक वर्षांत माथ्यावर गेलेला नाही. जिला नारळ शिवायची बंदी, तीच तो नेते. आपण फुकट मिशा पिळतो. मान ठमाकाकीला द्या!"

कोणी चकित झालं नाही. सगळे नुसते खाली बघू लागले. गावात हे ठाऊक नसलेला मी एकटाच होतो!

ठमाकाकी मात्र भडकली. "मला न्हाय पायजे तुमचा मान! मान आला की उपास आला, गावजेवान आलं. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. मी लाकडाला जाते, नारळ जाता जाता नेते."

मान वाचला! गावजेवणही माझ्याच गळ्यात पडलं.

पंगतीत हिरामण कानाशी लागला. "येसू, फुडल्या साली येताना पत्ते आन. घळीत एकट्याला लई कंटाळा येतो."