पंखा अडल्यास काय करावे

कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा अनुवादकबुवांनी आधी नशिबाला बोल लावला आणि मग बायकोच्या शिलाई मशीनला.

"तुझ्या त्या खडखडाटानं बिथरतो हा!"

"माझं मशीन त्याच्याहून वीस वर्षांनी मोठं आहे," पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं. "ते कधी बिथरलेलं पाहिलंत?"

बुवा यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांचा अनुवाद करत. बारा वर्षांपूर्वी त्यांनी एका कंपनीच्या कॉम्प्युटरची पुस्तिका केली आणि कंपनीनं खूश होऊन एक कॉम्प्युटर त्यांना भेट दिला. तोच हा. आता त्याच कंपनीनं कळवलं होतं, की पुस्तिकेतलं पंख्याचं पान कुणालाच कळत नाही. साध्या भाषेत नवं करून आज पाचपर्यंत पाठवा, नाहीतर पुढची कामं दुसऱ्याला देऊ. अनुवादाखेरीज बुवांना या जगात काही म्हणजे काही येत नव्हतं, त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यात नेमकं त्या पानावरचंच दुखणं कॉम्प्युटरला जडलेलं. आतला पंखा घरघरायचा, अडायचा, आणि दहा मिनिटांत यंत्र तापून डोळे मिटायचं.

बुवांनी कॉम्प्युटरची एक बाजू उघडली आणि समोर टेबलफॅन लावला. कॉम्प्युटर गार झाला की नाही ते कळलं नाही, पण टेबलावरचे कागद मात्र उडाले. एक चहाच्या कपात पडला. बाकीचे खिडकीतून खाली, शेजारणीच्या ओल्या चादरींवर जाऊन चिकटले. शेजारणीची बोलणी खाऊन आणि कागद सोडवून बुवा वर आले तेव्हा चार वाजत आले होते. बारा वर्षांची धूळ खोलीभर पसरली होती आणि कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा काळा होता.

शेवटी झक मारत त्यांनी जुनी पुस्तिका काढली. "शीतलीकरणार्थ योजिलेल्या पात्यांच्या परिभ्रमणात अवरोध आढळल्यास अक्षस्थानी संचित मलाचे निष्कासन करावे." मनात दोनदा वाचून काही बोध होईना, म्हणून तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं.

बायको गळ्यात टेप घेऊन दारात उभी राहिली. "कुणा मेल्यानं लिहिलंय हे?"

बुवांनी पुस्तिका हळूच मिटली. "मीच."

"सरका बाजूला. वायर काढलीत का आधी?"

"नाही."

"धन्य आहे!" तिनं वायर काढली, चार स्क्रू सोडवून पंखा बाहेर काढला आणि मशीनच्या खणातला ब्रश नि तेलाची कुपी घेऊन बसली. हात चालू झाले की तिचं तोंडही चालू होई. "पातं बोटानं धरायचं, मग ब्रश फिरवायचा. दोरा गुंतला असेल तर कात्रीनं कापायचा, ओढायचा नाही. मधोमध चिकटवलेला गोल कागद उचलून तेलाचा एकच थेंब. एकच! डोक्याला थापतात तसं नाही." पात्याच्या बुडातून तिनं हिरव्या दोऱ्याचं गुंडाळं काढलं.

"तुझाच आहे! म्हणजे मी म्हणत होतो ते..."

"तुम्ही खडखडाट म्हणत होतात. दोरा नाही."

बुवांनी वाद सोडला, पण हातातलं पेन सोडलं नाही. चहात भिजलेल्या कागदाच्या पाठीवर ते तिचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेत होते. पंखा पुन्हा बसला आणि मांजराच्या पावलांनी फिरू लागला. पाचाला वीस कमी होते. बुवांनी कागद समोर ठेवून एका दमात टाइप केलं आणि घड्याळाकडे बघत, फिरून न वाचता, पाचाला दोन कमी असताना पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीतल्या बाईंचा फोन आला.

"पान फार छान झालंय! मी स्वतः वाचून ऑफिसातला पंखा साफ केला. पुढच्या तिन्ही पुस्तिका तुम्हीच करा. फक्त शेवटच्या ओळीबद्दल विचारायचं होतं."

"कोणती ओळ?"

"'आणि एवढं झाल्यावर नवऱ्याला परत हात लावू देऊ नये.' ही ठेवायची का?"

बुवांनी पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. मशीन जोरात खडखडत होतं.

"ठेवा," ते म्हणाले. "तेवढी एक सूचना मी स्वतः तपासून पाहिलेली आहे."