उंबरवाडीच्या झऱ्याची आणि बारीक पडद्याच्या लॅपटॉपची हकिगत

श्रीगजाननास आणि कुलस्वामिनीस नमस्कार करून, व जे घडले त्याहून अधिक लिहिण्याची बुद्धी न होवो ऐसे मागून, हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सरी, एका राज्याच्या जलदफ्तरी विदुलाबाई गद्रे चाकरीस होत्या. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. बाई भूशास्त्र शिकलेल्या, मापास चोख, बोलणे थोडके. त्यांस चैत्रमासी सरकारातून नवा लॅपटॉप मिळाला, आणि तो लॅपटॉप सामान्य नव्हे. पडदा वीतभर उंच आणि दीड वीत रुंद, परंतु त्यावर आडवे तीन हजार आठशे चाळीस आणि उभे दोन हजार एकशे साठ ठिपके दाटले होते, म्हणजे एकंदर फौज ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे. बाईंनी त्यावर डोंगराचे छायाचित्र उघडले तो एकेक धोंडा निराळा दिसो लागला. मग गुणांमागून दोषही प्रत्ययास आले. वजन तीन किलो, आणि चार्जर विटेएवढा, तो निराळा वाहावा लागे. मोठे काम दिले की आतले पंखे गिरणीसारखे घरघरत आणि डावी बाजू तापून बोट ठेववत नसे. बॅटरी दोन तास पुरे, आणि चार्जर काढताच यंत्र रुसल्यासारखे मंद होई. आणि नकाशे काढण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरास इतक्या ठिपक्यांची सवय नव्हती, म्हणोन त्याची बटणे खसखशीएवढी उमटत आणि अक्षरे त्याहून लहान. शेजारच्या मेजावर भिकाजीपंत नामे जुने नकाशेदार बसत, ते भिंग घेऊन आले आणि वाकून पाहून म्हणाले, "बाई, हे वाचावयाचे की पाखडावयाचे?" बाई म्हणाल्या, "पंत, सवयीने दिसते." पंत म्हणाले, "सवयीने नव्हे, वयाने दिसते. तुमचे पस्तीस, आमचे सत्तावन्न." आणि दोघे हसले.

त्याच सुमारास घाटातून नवा रस्ता न्यावा ऐसी मसलत जाहली. रस्तेखात्याचे सरदार रायाजीराव, मोठे करारी, त्यांनी डोंगर सरळ कापण्याची रेषा आखली. ती रेषा उंबरवाडीच्या माथ्यावरून जात होती, आणि उंबरवाडीत चाळीस घरे, त्यांस बारमाही पाणी एका झऱ्याचे. झऱ्याच्या वरचा खडक कापला तर पाण्याची आतली वाट तुटून झरा आटणार, हे बाईंनी खडकाच्या भेगा मोजून जाणले. मग वैशाखात बाई स्वतः तेथे गेल्या, ड्रोन उडवून दोन हजार छायाचित्रे घेतली, आणि जुन्या यंत्रास जे काम चार दिवस लागते ते या लॅपटॉपने एका दुपारीत जोडून दिले. त्या चित्रावर बाईंनी नकाशा रेखिला, रस्ता लाल, घरे काळी, आणि झरा व त्याचा ओहोळ फिक्या निळ्या रेघेने, रुंदी एक ठिपका. नकाशा कितीही मोठा केला तरी रेघ एकच ठिपका राहावी ऐसे योजिले, कारण ओहोळ मुळात हातभर रुंद, आणि खोट्या जाडीची रेघ काढणे बाईंस आवडत नसे. पडद्यावर ती केसासारखी स्वच्छ दिसे, आणि बाईंस तिचे समाधान वाटे. भिकाजीपंतांनी तोच नकाशा आपल्या यंत्रावर उघडला आणि म्हणाले, "बाई, माझ्याकडे झरा दिसत नाही." बाई कामात होत्या. "तुमचे यंत्र जुने आहे, पंत," इतुके म्हणाल्या, आणि मान वर केली नाही.

मार्गशीर्षात दरबार भरला. त्या दरबाराची एक रीत आहे, की नकाशा भिंतीवर प्रोजेक्टरने पाडावा, भिंतीवर दिसेल ते प्रमाण धरावे, आणि एकदा दाखवलेल्या नकाशावर दरबारात नवी रेघ ओढू नये, जुनी पुसू नये. पूर्वी कोणी एका मामलेदाराने भर दरबारात तळे सरकवले होते, तेव्हापासून ही रीत. महाराज सिंहासनी, वय सत्तरीचे, रायाजीराव उजवीकडे, आणि उंबरवाडीच्या वतीने सगुणाबाई पंचीण मागे सतरंजीवर. बाईंनी तार जोडली आणि नकाशा भिंतीवर पडला. प्रोजेक्टर पंधरा वर्षांचा, त्याचे ठिपके सारे मिळून आठ लाखही भरत नसत, म्हणजे पडद्यावरचे दहा गेले तेव्हा भिंतीवर एक उरला. लाल रस्ता दिसला, काळी घरे दिसली, आणि निळी रेघ नाही. बाईंनी भिंतीकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले, मग पुन्हा भिंतीकडे. मागून सगुणाबाई उठून म्हणाल्या, "अगं बाई, तू तर वैशाखात माझ्याच घरी जेवलीस! आमचं पाणी कुठं गेलं?"

रायाजीराव मिशीत हसून म्हणाले, "महाराज, जलदफ्तराचाच नकाशा आहे. त्यात झरा नाही. आता आम्ही कोणाचे पाणी तोडतो?" बाई म्हणाल्या, "झरा आहे, रेघ बारीक आहे. लॅपटॉपवर दिसते." तेव्हा महाराजांनी यंत्र जवळ आणविले. विजेची तार सिंहासनापर्यंत पुरेना, म्हणोन चार्जर काढावा लागला, प्रोजेक्टरची लांब तार तेवढी राहिली. महाराजांनी चष्मा लाविला, चष्मा काढिला, पडदा दूर धरिला, आणि म्हणाले, "बाई, आम्हांस तो लाल रस्ताच दिसतो." बाई म्हणाल्या, "आज्ञा असेल तर रेघ जाड करते." तोच रायाजीराव कडाडले, "वाहवा! म्हणजे झरा आता दरबारात खणणार!" आणि सभा हसली, आणि रीत रायाजीरावांच्या बाजूची होती.

 बाईंनी विचार केला, की रेघ माझी आहे, परंतु तिच्या खालचे चित्र माझे नव्हे, ते डोंगराचे आहे. आणि म्हणाल्या, "महाराज, मी काही काढीत नाही, काही पुसत नाही. जे दाखवले त्याच्या जवळ जाते." महाराज म्हणाले, "जवळ जाण्यास मनाई नाही." मग बाईंनी झऱ्याजवळच्या उंबराच्या झाडावर बोट ठेवून नकाशा मोठा केला. यंत्र चार्जरावाचून मंद पडलेले, पंखे घरघरू लागले, आणि भिंतीवर नुसते धुरकट चौकोन दिसो लागले. एक चौकोन स्पष्ट होई आणि दुसऱ्यास वेळ लागे, आणि सभा खोकू लागली. रायाजीराव म्हणाले, "झरा वाटेत असेल, येतो आहे." कोणी हसले. बाईंनी बोट हलविले नाही. मग उंबर दिसला, मग दगडी कुंड, मग अळूची गर्द पाने, आणि शेवटचा चौकोन उघडला त्यात पाण्यात एक म्हैस बसली होती. सगुणाबाई ओरडल्या, "अगं, ही माझी चंद्री! शिंग मोडकं बघा डावं!" बाई म्हणाल्या, "चित्र वैशाख वद्य पंचमीचे, भर उन्हाळ्यातले आहे. तारीख कोपऱ्यात आहे."

रायाजीराव म्हणाले, "महाराज, म्हैस उन्हाची कोठेही बसते." महाराज बहुत वेळ भिंतीकडे पाहत होते, ते म्हणाले, "रायाजीराव, म्हैस निम्मीच दिसते. उरलेली निम्मी कोठे ठेवली?" तेव्हा रायाजीरावही हसले. आज्ञा जाहली, की रस्ता उंबरवाडीवरून न कापता दोनशे हात खालून वळवावा.

परंतु महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. "बाई," म्हणाले, "म्हैस त्या दिवशी चरावयास गेली असती तर चाळीस घरांचे पाणी गेले असते. दोष कोणाचा? आमच्या प्रोजेक्टरचा?" बाईंस वाट मोकळी होती, प्रोजेक्टर जुना हे सर्वांस ठाऊक. बाई म्हणाल्या, "माझा. मला दिसते म्हणोन सर्वांस दिसते ऐसे धरिले. एकाने सांगितले होते, त्यास मी यंत्र जुने म्हणाले." महाराज म्हणाले, "हे नकाशाखाली लिहा." आणि बाईंनी तेथेच, सभा उठावयाच्या आत, आपल्या हाताने लिहिले.

पुढे लॅपटॉप बाईंकडेच राहिला, आणि त्या त्यास नावे ठेवीत नाहीत. खडकाची भेग पाहावी तर त्यावरच. मात्र नकाशावर शिक्का करण्याआधी तो नकाशा भिकाजीपंतांच्या जुन्या यंत्रावर जातो, आणि पंत "दिसते" म्हणेपर्यंत बाई उभ्या राहतात. कधी पंत मुद्दाम वेळ लावतात, तरी उभ्या राहतात.

एकंदर हकिगत ती ही. रस्ता जाहला, वळणावर गाड्या हळू होतात, उंबरवाडीस पाणी आहे, आणि बाईंच्या हातची ती ओळ दफ्तरी आहे, ठसठशीत अक्षरात. ज्यास पाहणे असेल त्याने जाऊन पाहावी. लिहिणाराने पाहिली, म्हणोन लिहिले.