पंडितभाऊंनी लावलेल्या पाळ्या

सकाळचे सात. सोनगीरला यशोदाबाईंच्या ओसरीत पापड लाटायला दोनच बाया आल्या, झुंबरबाई आणि कुंदाबाई.

"बाकीन्या कोठे शेतस?" झुंबरबाईंनी विचारलं.

"मीच घरी थांबवल्या," पंडितभाऊ म्हणाले.

पंडितभाऊ यशोदाबाईंचे धाकटे भाऊ. भुसावळला इंजिनावरच्या माणसांच्या पाळ्या लावायचे. भाचीच्या लग्नाला रजा घेऊन आले, तेव्हा त्यांनी ऐकलं, की गल्लीतल्या दहा बाया एकाच दिवशी सगळे पापड लाटतात आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरून बसतात. हा कसला कारभार? रोज दोघी, पाच दिवस. आदल्या संध्याकाळी ते घरोघर सांगून आले. फक्त बहिणीला सांगायचं राहिलं.

"पंडित, पीठ तं मी पहाटेच बठ्ठं भिजाडी टाकं!" यशोदाबाई म्हणाल्या. घरातला सगळा उडीद त्यात गेला होता.

"मग काय झालं? थोडं थोडं घ्या."

इंजिन दुपारपर्यंत वाळत नाही. पीठ वाळलं. बारा वाजता ते पाट्यावर ठेवलं तर पाटा वाजला. दोघींनी तोवर थोडेच पापड लाटले होते आणि तेलात बुडवून लाट्या मात्र दहा जणींच्या खाल्ल्या होत्या.

"व्याहीना पानवर काय वाढू?" यशोदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

पंडितभाऊ धावत निघाले. आठही बाया पलीकडच्या सुगंधाबाईंकडे सापडल्या, शेवया वळताना. त्यांच्या घरीही लग्न होतं. बाया रिकाम्या आहेत कळताच त्यांनी बोलावून घेतल्या होत्या.

"अक्का, आमच्या बाया द्या."

"तुन्या? तूच तं मोकळ्या कऱ्या ना, भाऊ! आते त्यास्ना हात शेवयासमां शेतस."

"पीठ वाळतंय हो! बहीण रडतेय."

सुगंधाबाईंनी विचार केला. "मंग ली जाय. पन बदलीमां मानूस दे."

बदली दिल्याशिवाय माणूस सोडायचा नाही, हा नियम पंडितभाऊ भुसावळला रोज सांगत. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि ते पाटापुढे बसले.

"सांजपावत आठ जनीसनं काम व्हवाले जोयजे हां," सुगंधाबाई म्हणाल्या.

सहा वाजता यशोदाबाईंच्या ओसरीतून वाळलेलं पीठ कुटणाऱ्या मुसळांचे आवाज येत होते. पीठ सैल झालं की नाही, ते कळलं नव्हतं. सुगंधाबाईंच्या अंगणात पंडितभाऊंची पहिली शेवई वाळत होती. ती करंगळीएवढी जाड होती.