सशांच्या पाचवीची मोहीम

श्री. शके एकोणीसशे पंचवीस, सुभानुनाम संवत्सरे, पौष मासी, मौजे शिनोली, तालुके आंबेगाव येथे दोन प्रहरी माणसांपासून गुरांपर्यंत निजानीज जाहली असता, स्वयंपाकघरात ताम्हन खणकले. तो आवाज सूनबाई आरती यांचे कानी पडला आणि त्या ताडकन उठल्या. कारण अवेळी ताम्हनास हात घालणार घरात एकच, राजमान्य सासूबाई साळुबाई, आणि आज सशीणबाईंच्या बाळंतपणाचा पाचवा दिवस.

ऐसियास पूर्ववृत्त ऐसे जे, श्रावणात सशीणबाईंस सात पिले जाहली. तेव्हा सासूबाईंनी "बाळंतीण ती बाळंतीण, मंग पाचवी नको व्हय तिची?" ऐसे फर्मावून पाच सवाष्णी पाचारिल्या, टोमॅटोच्या क्रेटमधील मऊ बिछान्यापाशी सटवाई मांडिली, उदाचा धूर केला आणि प्रत्येकीने पिलू हाती घेऊन ओवाळिले. परका वास येताच मातेचे अवसान गळाले, तिने क्रेटकडे पाठ फिरविली आणि सातही पिले गारठून गेली. ऐसी शिकस्त.

त्याच आठवड्यात मटणासाठी ससे विकत घेणारे मंचरचे व्यापारी सावळेराम टेम्पोसह दाखल जाहले. पिंजऱ्यांच्या रिकाम्या जाळ्या न्याहाळून बोलले, "ताई, दोन-चार सशांपायी येनं परवडत न्हाई. एका जागी वीस भरा, मंग बोलवा. नायतर हौस म्हनून पाळा." पतिराज भगवंतराव यांनीही हुकूम सोडिला की, आणखी एक वेत बुडाले तर जाळ्या कोंबड्यांचे स्वाधीन होतील.

मग आरतीबाईंनी आळीतील शीला आणि लंकाबाई यांसी मसलत केली आणि तह ठरला की, तिन्ही घरच्या माद्या एकाच दिवशी नराकडे न्याव्या, म्हणजे वेत एकदम आणि विक्रीही एकदम. लंकाबाई लाजल्या, परंतु वचनास जागल्या. पौषात तिन्ही घरी मिळून सव्वीस पिले उपजली.

तेव्हा ताम्हन खणकताच आरतीबाई लेक आरोहीस कडेवर घेऊन धावल्या आणि सशांच्या छपराचे दारी आडव्या उभ्या राहिल्या. समोरून सासूबाई हळदकुंकू आणि उदासह चालून आल्या, पाठीशी सवाष्णींची फौज.

"सरक, आरते. आज सटवाई आली न्हाई तर कपाळी लिव्हणार कोन?"

आरतीबाई हटल्या नाहीत. "आत्या, आरोहीच्या येळंला तुमी धा दिस कुनाला उंबरा वलांडू दिला न्हाई. सख्ख्या भनीला दारातनं माघारी धाडलं, लेकराला वारं लागंल म्हनून. मंग हिला येगळा न्याय का?"

फौज थबकली. सासूबाईंनी क्रेटकडे पाहिले, जिथे सशीणबाईंनी आपल्याच अंगाची लव उपटून पिलांवर पांघरली होती. मग ताम्हन सुनेच्या हाती दिले, दारात पोते अंथरले आणि वर काठी घेऊन बैसल्या.

"लेकरं पोसतीया ती. निघा गं समद्या."

तेथून दहा दिवस ऐसी नाकेबंदी जाहली की, भगवंतरावांनाही चारा दाराशी ठेवून "आई, टाकला गं" म्हणत माघारी फिरावे लागले आणि मांजराने तर ती वाटच सोडिली. शीला आणि लंकाबाई यांच्या दारीही हाच बंदोबस्त पोहोचला, कारण सासूबाई सकाळी काठीसह तपासणीस जात.

येणेप्रमाणे चैत्र मासी सावळेराम पुनश्च दाखल होऊन, तिन्ही घरचे मिळून चोवीस ससे टेम्पोत घेते जाहले, दोन माद्या पुढील वेतासाठी राहिल्या आणि ज्येष्ठात पुन्हा येण्याचा शब्द पडला. जाळ्या सशांकडेच कायम. सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेविला. ऐसी फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.

टेम्पो घोडेगावच्या वळणाआड गेला, तेव्हा आरोहीने आईचा पदर ओढिला.

"आई, यांची पाचवी झालीच न्हाई. मंग सटवाईनं यांच्या कपाळी काय लिव्हलं?"