पाचपैकी पाच

मनोजचं चुकलं ते एवढंच, की सर्व्हेसाठी त्याने आपलीच सासुरवाडी निवडली. गोष्ट २००५ सालची. कंपनीने नवे मोबाइल दिले होते. ते गावात महिनाभर वापरायला द्यायचे आणि मग घरोघर विचारायचं, फोन वापरायला कसा वाटला? अगदी अवघड असेल तर एक मार्क, अगदी सोपा असेल तर पाच. सासुरवाडी सिद्धगडाच्या पायथ्याला. ओळख आयती, वर जेवणही फुकट. आणखी काय हवं?

सगळ्या घरांनी पाच मार्क दिले.

"अहो काका, खरं सांगा ना," मनोज काकुळतीला आला.

"जावयाने आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची?" चुलतसासरे देवजी चिडलेच. "आमी काय माणसं नाय?"

ठाण्याच्या ऑफिसात टिपणीस साहेबांनी आकडे बघितले आणि चष्मा काढला. "सगळे पाच? घरी बसून भरलेस ना? शनिवारी मीच येतो. खोटं निघालं तर कायम व्हायचं सोड, आहे ती नोकरीपण जाईल."

मनोजच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारीच त्याने आपल्या सासूबाई सकुबाईंचे पाय धरले. "मामी, उद्या फोनला नावं ठेवा. जमतील तेवढी ठेवा!"

सकुबाई घरोघर फिरल्या. "जावयाची नोकरी हाय गो. उद्या कोणी लाजू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण साहेब नेमके भर दुपारी आले. दुपारी आलेल्या माणसाला उपाशी कोण ठेवतो? सकुबाईंनी कोंबडा कापला होता. साहेब घाम पुसत पुसत जेवले, रस्सा दोनदा मागून घेतला, "असं जेवण मी जन्मात जेवलो नाही" म्हणाले. तिथेच सगळं बिघडलं.

"हं, आता बोला. फोन कसा वाटला?"

सकुबाईंनी जावयाकडे बघितलं. मग साहेबांच्या चाटूनपुसून साफ झालेल्या ताटाकडे बघितलं.

"पाच," त्या म्हणाल्या.

"मामी!"

"मंग काय करू जावयबापू? माणूस आपल्या घरात जेवला. त्याच्या तोंडावर नावं ठेवू?"

"माझेपण पाच," देवजी म्हणाले. शेजारची बाईजा तर पाच देऊन साहेबांना वालाच्या शेंगा बांधून द्यायला लागली. मनोज डोकं धरून बसला. संपलं सगळं.

साहेब बूट घालायला उठले, तशा सकुबाई लगबगीने देव्हाऱ्यातून फोन घेऊन आल्या. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

"साहेब, एवढं सांगून जा. हा चालू कुठून करायचा? जावयबापूंनी लावून दिला तवा दोन दिस चालला, मंग जो झोपला तो उठलाच नाय."

"आमचापण," देवजींनी खिशातून फोन काढला. बाईजाही आपला आणायला पळाली.

साहेब एक बूट तसाच हातात धरून पुन्हा खाटेवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"मनोज, मार्क तू भरले नव्हतेस. पटलं बाबा. सोमवारपासून तू कायम. पण पुढचा सर्व्हे सासुरवाडीत नको!"

मनोजचा जीव भांड्यात पडला. सकुबाईंचं तोंड मात्र उतरलं.

"का वो साहेब, कमी पडले?" त्या म्हणाल्या. "पाचाच्या वरती नव्हते, नायतर तेपण दिले असते."