मागच्या खोलीतलं जपान

"माझी लेक जपानला चाललीय! कुणाची धुणीभांडी करायला नाही, शिकायला!"

रेमेदियोसबाईंनी हे वाक्य अख्ख्या वस्तीला पाठ करून टाकलं होतं. त्यांच्या किराणा दुकानाच्या जाळीतून कुणी मिठाची पुडी मागितली, तरी आधी जपान मिळायचं आणि मग मीठ. उधारीवाल्यांना तर दोनदा ऐकावं लागायचं.

लेक म्हणजे जोवेलिन. सगळ्यांची जोवी. शहरातल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी. तिला वेड होतं ते खारफुटीतल्या गोगलगायींचं. कॉलेजात अख्ख्या वर्गाला मिळून एकच सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्या भिंगाला आतून बुरशी लागलेली! बुरशीचा धडा असला की तेवढी सोय व्हायची, बाकी सगळा अंधार. जपानच्या उत्तरेला एका समुद्री प्रयोगशाळेत एक सत्र शिकायची जागा जोवीला मिळाली, तेव्हा ती आईच्या गळ्यात पडून रडली. "आई, तिथे प्रत्येकाला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक मिळतो गं! स्वतःचा!" आयुष्यात तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

आता आमच्या बेटाची एक रीत आहे. कुणाचं काही भलं झालं, की त्याचा बॅनर लागतो. परीक्षा पास झाली, बॅनर. नर्स झाली, बॅनर. जोवीचाही लागला. त्यावर मधोमध कॅप्टन आबुंदियो, छातीवर हात ठेवून हसताना; आणि खाली कोपऱ्यात जोवी, टपाल तिकिटाएवढी. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे बरं का. वस्तीचा, निवडून आलेला. बोटीत बसला की हा गृहस्थ ओकत असे.

बॅनर लागला म्हणजे निरोपाचं जेवण आलंच. रेमेदियोसबाईंनी पाळलेलं डुक्कर कापलं. अख्खं भाजून, केळीच्या पानांवर आडवं घातलं. सगळी वस्ती लोटली. प्रत्येकानं जोवीच्या कानात आपापली मागणी घातली. चॉकलेट! छत्री! गोरं व्हायचा साबण! परदेशाहून येणाऱ्यानं पासालुबोंग आणायचा, म्हणजे सगळ्यांना काही ना काही भेट आणायची, हा आमच्याकडे कायदाच आहे. शेजारची पुरिता मावशी म्हणाली, "मला काही नको हो. तू सुखरूप ये. फक्त चॉकलेट आण. मोठं."

एवढ्यात जोवीचा फोन वाजला. कॉलेजचे व्हिलारोसा सर होते.

"जोवी, कागद उशिरा पोचले गं. या सत्रापुरता व्हिसा काही होत नाही. पण घाबरू नकोस, जागा तुझीच. पुढच्या सत्रात जा. तोवर सुट्टी घे."

जोवीनं आईला चुलीमागे ओढलं. "आई, माझं जाणं लांबलं."

"लांबलं म्हणजे?"

"पुढच्या सत्रात."

रेमेदियोसबाईंनी अंगणाकडे पाहिलं. पुरिता मावशी डुकराचा कुरकुरीत कान मोडून तोंडात टाकत होती.

"गप्प बस! कान खाल्लाय तिनं! आता काय डुक्कर परत उभं राहतंय?"

"अगं, पण सांगून टाकू ना सरळ!"

"आणि हे सगळे जेवले त्याचं काय? उद्या म्हणतील, रेमेदियोसनं उगाच मिरवून घेतलं! तू ठरल्या दिवशी जाणार म्हणजे जाणार!"

"कुठं?"

"मागच्या खोलीत!"

आणि ती गेली हो! धक्क्यावर सगळ्यांनी रडून निरोप दिला. कॅप्टननं भाषण केलं, जमिनीवरूनच. पुढच्या धक्क्यावर जोवी उतरली आणि दुकानाचा माल आणणाऱ्या गाडीत तांदळाच्या पोत्यांआड बसून मागच्या दारानं घरी आली. जपानचा प्रवास दुपारच्या जेवणाआधी आटोपला.

दुकानामागच्या त्या खोलीत कांद्याची पोती, व्हिनेगरचे कॅन आणि बर्फ विकायचा जुना फ्रीझर. शेजारी घडीची खाट. जोवी दिवसभर व्हिनेगरच्या पिशव्या भरायची आणि फोनवर गोगलगायींवरचे लेख वाचायची. आई आंघोळीला गेली आणि गिऱ्हाईक आलं, की जाळीतून नुसता जोवीचा हात बाहेर यायचा, पिशवी द्यायचा आणि आत जायचा. गिऱ्हाईक हाताला "थँक्यू" म्हणायचं.

असंच निभलं असतं. पण रेमेदियोसबाईंची जीभ! पुरिता मावशीनं सहज विचारलं, "काय गं, लेकीचा फोनबिन नाही? बर्फ तरी दाखव म्हणावं." तशी ही माउली ठसक्यात म्हणाली, "रविवारी दाखवेल! व्हिडिओवर!"

जोवीनं कपाळावर हात मारून घेतला. मग काय, मायलेकी उलथनं घेऊन फ्रीझर खरवडायला बसल्या. प्लास्टिकच्या टबात खरवडलेल्या बर्फाचा ढीग केला. जुन्या कपड्यांच्या बाजारातून आणलेला लोकरी स्वेटर जोवीच्या गळ्यात अडकवला. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा भुंकायचं टाळत होती. पुरिता मावशीनं आपल्या ओसरीवरून, म्हणजे भिंतीपलीकडूनच, फोन लावला.

"अगं बाई, जोवी! घाम का आलाय एवढा?"

"हीटर आहे मावशी!"

"मग बर्फ वितळत नाही?"

"बर्फ बाहेर असतो."

"तो टबात दिसतोय की."

"आत आणलाय. तुम्हाला दाखवायला."

"आणि त्यातून शेपूट कसलं आलंय गं? बांगड्याचं दिसतंय!"

जोवीनं मागे पाहिलं. होतं खरं. "जपानी लोक मासे बर्फातच ठेवतात, मावशी."

त्याच वेळी मावशीचा कोंबडा आरवला. एकदा भिंतीपलीकडून आणि एकदा जोवीच्या फोनमधून.

"तिथेही कोंबडे आहेत वाटतं?"

"आहेत ना."

"आमच्यासारखेच ओरडतात."

"कोंबड्यांना भाषा नसते, मावशी!"

"खरंय बाई," मावशी म्हणाली. "मोठं चॉकलेट, विसरू नकोस हं."

सत्र संपलं. रेमेदियोसबाई शहरातल्या मॉलमधून पिशवीभर चॉकलेटं आणि साबण घेऊन आल्या. जोवी पुन्हा पोत्यांआड बसून पुढच्या धक्क्यावर गेली आणि तिथून बोट धरून आपल्या धक्क्यावर जपानहून आल्यासारखी उतरली. बँड तयार! कॅप्टनची निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे नवा बॅनर पहिल्याच्या दुप्पट. "जपानहून शिकून आली आपली जोवी! सौजन्य : कॅप्टन आबुंदियो."

इतके महिने ऊन न लागल्यानं पोरगी भाताच्या पेजेसारखी पांढरी पडली होती. बायका गालाला हात लावून बघत होत्या. "बघा, बघा! याला म्हणतात परदेशची हवा!"

कॅप्टननं माईक पुढे केला. "दोन शब्द जपानीत बोल!"

जोवीला जपानी यायचं कुठून? तिनं डोळे मिटले आणि गोगलगायींची शास्त्रीय नावं म्हणून टाकली. "नेरिटा, टेलेस्कोपियम, सेरिथिडिया!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुरिता मावशीच्या डोळ्यांना पाणी आलं. रेमेदियोसबाईंनी तर लेकीला मिठीच मारली. कानात म्हणाल्या, "झालं बघ! आता तू खुशाल खरीखुरी जा. शहरात नोकरी लागली म्हणून सांगू. कुणाला पत्ता लागायचा नाही."

आठवड्यानं व्हिलारोसा सरांचा फोन आला. "व्हिसा होतोय! सगळं तयार आहे. एकच दाखला राहिलाय. ही जागा पहिल्यांदाच परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी आहे ना? तर तसं वस्तीच्या कॅप्टनकडून लिहून आण. तू गेली नव्हतीस हे मला ठाऊक आहे गं, पण माझं ठाऊक असणं फाइलला लावता येत नाही."

जोवी कॅप्टनकडे धावत गेली. कॅप्टननं सगळं शांतपणे ऐकलं, आणि छातीवर हात ठेवला. बॅनरवर ठेवला होता तसाच.

"मुली, एवढं सोडून काहीही माग. खोटा दाखला मी कसा देऊ?"

"खोटा? अहो कॅप्टन, मी गेलेच नव्हते! मागच्या खोलीत होते!"

"ते मला माहीत आहे. माझी बायको रोज तुझ्याच हातून व्हिनेगर घ्यायची. मनगटावरचा तीळ लांबून ओळखू येतो. अख्ख्या वस्तीला माहीत होतं."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"बोललं असतं तर चॉकलेट बुडलं असतं की!" कॅप्टन हसला. मग खिडकीतून बाहेरच्या बॅनरकडे बोट दाखवून म्हणाला, "पण ते बघ. तिथं लिहिलंय तू जाऊन आलीस. खाली माझं नाव आहे. मतदान चार दिवसांवर आलंय. आता काय मी खोटारडा म्हणून मतं मागू?"

जोवी तशीच पुरिता मावशीकडे गेली. "मावशी, तुम्ही तरी साक्ष द्या हो! कोंबडा तुमचाच होता!"

मावशीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिनं जोवीच्या केसांवरून हात फिरवला. "मी कुठल्या तोंडानं सांगू गं? तुझं चॉकलेट खाल्लंय मी. खाल्ल्या चॉकलेटाला जागायला नको?"

घरी रेमेदियोसबाई फ्रीझरवर डोकं टेकून बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुकानाची जाळी भर दुपारी बंद केली होती. "मीच लेकीचं वाटोळं केलं," म्हणाल्या. "एका डुकरासाठी." जोवीला आईचा इतका राग आला होता की तिला ओरडताही येईना. आणि आई रडत होती, म्हणून मग जवळ बसून तिला पाणीही जोवीलाच द्यावं लागलं.

जागा रिकामी कशी राहील? यादीत पुढचं नाव होतं लिझेलचं. ती कॅप्टनची पुतणी, हे निव्वळ योगायोगानं. तिचा दाखला त्याच दिवशी झाला.

तिच्या निरोपाला पुन्हा डुक्कर भाजलं. बॅनर मात्र कॅप्टननं काटकसरीनं पहिलाच वापरला, कोपऱ्यातल्या जोवीवर लिझेलचा फोटो चिकटवून. वाऱ्यानं फोटोचं एक टोक सुटलं होतं आणि खालून जोवीचा कान दिसत होता.

जोवीला मानाची खुर्ची मिळाली. जपान बघून आलेली वस्तीत ती एकटीच ना! लिझेल वही घेऊन तिच्यापुढे बसली. पोरगी सरळ होती बिचारी, तिच्या मनात काही नव्हतं.

"जोवीताई, तिथं खूप थंडी असते?"

"स्वेटर ने माझा. दारामागे टांगलाय."

"आणि बर्फ? बर्फ कसा असतो गं?"

सगळी वस्ती जेवता जेवता थांबली. पुरिता मावशीचा हात कानाशी थबकला, म्हणजे डुकराच्या. कॅप्टननं छातीवर हात ठेवला.

"पांढरा असतो," जोवी म्हणाली. "फक्त खरवडून काढावा लागतो."