चव्वेचाळीसची माय, बावीसचा बाप

आपल्या मुलाचं, ललितचं लग्न आज जमवूनच दाखवतो, असं नवलभाऊंनी सकाळी छाती फुगवून जाहीर केलं होतं. मंगलाबाईंची नवऱ्याला एकच अट होती. पाहुण्यांसमोर टरबुजांचा विषय काढायचा नाही. ब्राह्मणपुरीच्या वावरात बिनबियांचं टरबूज लावल्यापासून नवलभाऊंना दुसरं काही सुचतच नव्हतं.

नवापूरहून दोधूअण्णा, त्यांची शिक्षिका मुलगी काजल आणि तिची आत्या रमिलाबाई घर पाहायला आले. सगळं छान चाललं होतं. ललित मात्र नेहमीसारखा गप्प. मुली त्याला गर्विष्ठ समजत. खरं तर अनोळखी माणसांसमोर बिचाऱ्याची जीभ टाळूला चिकटायची, आणि त्यापायीच त्याने तेहतिशी गाठली होती.

तेवढ्यात अक्कलकुव्याहून नवलभाऊंचे साडू अमृत यांचा फोन आला. त्यांनीही तीच रोपं नेली होती. फळातलं पांढरं, पोचट बी पुढच्या वर्षी पेरलं तर चालेल का, असं ते विचारत होते. बायकोला दिलेला शब्द मोडू नये म्हणून नवलभाऊ उठून ओट्यावर गेले. रेंज कमी, म्हणून आवाज मोठा.

"माय चव्वेचाळीसनी, बाप बावीसना," ओट्यावरून खणखणीत ऐकू आलं. "पोऱ्या व्हयना तेहतीसना. वरतून गुबगुबीत दिखस, पन त्याले लेकरं व्हणार नहीत. आख्खा गावले माहीत शे!"

दोधूअण्णांचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. रमिलाबाईंनी ललितला वय विचारलं. मुलगा खरं बोलणारा, तेहतीस म्हणाला. रमिलाबाईंनी गुबगुबीत ललितकडे पाहिलं, मंगलाबाईंकडे पाहिलं, मनात वजाबाकी केली, ती जुळेना, तशा पिशवी काखेत मारून उठल्या. मंगलाबाईंचे डोळे भरून आले. किती वर्षांनी गोष्ट इथवर आली होती.

नवलभाऊ धावत आत आले आणि टरबूज कापून समजावू लागले. त्याने प्रकरण आणखीच चिघळलं. पोराचं व्यंग झाकायला आता फळं कापताहेत, असं पाहुण्यांना वाटलं.

तेव्हा ललित बोलला.

"ती वयं नाहीत, गुणसूत्रं आहेत," तो म्हणाला, आणि मग थांबलाच नाही. बी धरताना आई आणि बाप आपली निम्मी निम्मी गुणसूत्रं देतात. चव्वेचाळीसवाल्या आईवेलाकडून बावीस, बावीसवाल्या बापवेलाकडून अकरा, मिळून बीजात तेहतीस. पण तेहतिसाचे दोन सारखे वाटे पडत नाहीत. म्हणून त्या वेलाचे पराग निकामी आणि बीजांडंही निकामी. फळ येतं, पण त्यात बी धरत नाही.

काजल दारापर्यंत गेली होती, ती परत येऊन बसली. "पराग निकामी, तर फळ तरी कसं येतं?"

"मधूनमधून साधे वेल लावतो. मधमाश्या त्यांचे पराग आणतात, तेवढ्यावर फळ भरतं. चला, दाखवतो."

दोघं वावरात गेली ती ऊन उतरल्यावरच परतली. काजलच्या ओढणीला काडीकचरा चिकटला होता आणि ललित अजून बोलतच होता. आत्याने काही विचारायच्या आत तिने होकार देऊन टाकला.

गाडीत बसताना रमिलाबाईंनी नवलभाऊंना बाजूला घेतलं. माणसात ही गुणसूत्रं किती असतात, असं हळूच विचारलं.

"शेचाळीस," नवलभाऊ ऐटीत म्हणाले.

"म्हंजे मंगलाबाईबी शेचाळीसन्याच?"

"त्याबी."

रमिलाबाईंनी ओट्यावर उभ्या असलेल्या मंगलाबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पदर सावरला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "पंचावन्नना खाली नहीत त्या."